किण्व, खमीर आणि विकर : यीस्टच्या प्रथिनभंजक स्रावांचा शोध आणि कृष्णाकाठची परिभाषा

१

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे बह्वंशी कृष्णेच्या एकाच खोऱ्यात वसलेले आहेत. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. नाव बदलले, तरी नदी, पिके आणि बोली यांचे सातत्य तुटले नाही. महाबळेश्वराहून उतरणाऱ्या कृष्णेच्या वरच्या अंगास वाई हे क्षेत्र लागते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कार्य येथेच उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. नदीच्या खालच्या अंगास रेठरे बुद्रुक, साखराळे, सांगली या ठिकाणी सहकारी साखर कारखाने आहेत. साखरेबरोबर तेथे मळी निघते आणि मळीपासून यीस्टच्या साहाय्याने मद्यार्क तयार होतो. पूर्वेकडे तासगाव व पलूस हा द्राक्षांचा आणि बेदाण्याचा मुलूख आहे. म्हणजे एकाच खोऱ्याच्या एका टोकास शब्द घडविले जात होते आणि दुसऱ्या टोकास त्या शब्दांनी निर्दिष्ट होणारी सूक्ष्म सृष्टी राबत होती.

या दोहोंचा परस्परसंबंध तपासावयाचा, तर यीस्ट आपल्या पेशीबाहेर सोडते त्या प्रथिनभंजक द्रव्यांचा इतिहास हे एक उत्तम उदाहरण ठरते. 'आंबविणारा जीव' आणि 'त्या जीवाने निर्माण केलेले द्रव्य' यांत भेद करणारा शब्द युरोपातील विज्ञानास मिळावयास बराच काळ लागला. मराठीतही या दोन कल्पना एकाच शब्दाखाली नांदत आल्या आहेत. तो भेद स्पष्ट राहणे हा केवळ कोशकाराच्या आवडीनिवडीचा प्रश्न नव्हे. डिस्टिलरीतील पिंप, द्राक्षरसाची टाकी आणि रुग्णालयातील खाट या तिन्ही ठिकाणी त्याचा व्यवहाराशी संबंध येतो.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. संस्कृतातील 'किण्व' हा शब्द प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या सुराध्यक्ष प्रकरणात किण्व सिद्ध करण्याची कृती दिली आहे. तीनुसार उडदाचे वाटण कच्चे किंवा शिजवून घ्यावयाचे, त्याच्या एक-तृतीयांशाने अधिक तांदूळ त्यात घालावयाचे आणि मोरटादी वनस्पतींचा अल्प अंश मिसळावयाचा. या मिश्रणात तांदळातील पिष्ट होते आणि उडदातील प्रथिनही होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे लोकायत मताच्या प्रतिपादनात किण्वाचा दृष्टांत रूढ झाला. किण्वादी द्रव्यांच्या संयोगातून मदशक्ती उद्भवते, त्याचप्रमाणे महाभूतांच्या संयोगातून चैतन्य उद्भवते, असा तो दृष्टांत होय. किण्व स्वतः सजीव आहे की केवळ द्रव्य आहे, हा प्रश्न मात्र त्या काळी कोणास पडण्याचे कारण नव्हते. 'किण्व' या शब्दात दोन्ही अर्थ सुखाने सामावले होते.

'खमीर' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. त्याचे नाते 'खम्र', म्हणजे मद्य, या शब्दाशी आहे. इंग्रजीतील 'यीस्ट' हा शब्द उकळणे, फेसाळणे या अर्थाच्या जुन्या धातूशी जोडला जातो, तर 'फर्मेंट' हा शब्द उकळणे याच अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी संबद्ध आहे. म्हणजे या भाषांनी डोळ्यांस दिसणारे बुडबुडे पाहून नाव दिले. मराठीने हे काम 'फसफसणे' या अनुकरणवाचक क्रियापदाकडे सोपविले आणि मुख्य शब्द चवीवरून घेतला. 'आंबणे' हे क्रियापद 'अम्ल' या शब्दाशी निगडित आहे.

मराठी बोलीत या क्षेत्रातील क्रियापदे विपुल आहेत आणि त्यांच्या अर्थांची विभागणी लक्षणीय आहे. पीठ आंबते, दूध विरजते किंवा नासते, लोणचे मुरते, मांस कुजते. साखर किंवा पिष्ट यांच्या रूपांतरास एक क्रियापद, तर प्रथिनयुक्त पदार्थाच्या विघटनास दुसरे, असा हा स्थूल भेद आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय रसायनशास्त्रज्ञही आंबणे आणि कुजणे या दोन क्रिया वेगळ्या मानीत. यीस्टचा संबंध आंबण्याशी जोडला गेला होता. त्यामुळे यीस्ट प्रथिनांचेही विघटन करू शकते, हा विचार दीर्घकाळ गौण राहिला. भाषेतील विभागणी निरीक्षणास साहाय्य करते, तशीच ती प्रसंगी त्यास मर्यादाही घालते, याचे हे एक उदाहरण म्हणता येईल.

३

या इतिहासाच्या आरंभी एकाच संशोधकाचे दोन शोध शेजारी-शेजारी उभे आहेत. थिओडोर श्वान याने १८३६ मध्ये जठररसातील प्रथिनभंजक द्रव्य ओळखले व त्यास 'पेप्सिन' हे नाव दिले. दुसऱ्याच वर्षी, १८३७ मध्ये, यीस्ट हा सजीव आहे असे त्याने प्रतिपादन केले. काग्न्यार द ला तूर आणि क्युत्सिंग हेही स्वतंत्रपणे त्याच सुमारास याच निष्कर्षास आले होते. एकीकडे निर्जीव परंतु क्रियाशील द्रव्य आणि दुसरीकडे क्रियाशील जीव, असे दोन पदार्थ श्वानच्या हाती होते. तथापि दोहोंना 'फर्मेंट' हाच शब्द लावला जात असे. पुढे 'संघटित फर्मेंट' आणि 'असंघटित फर्मेंट' अशी विशेषणे जोडून भेद करण्याचा प्रयत्न झाला. विशेषणाने भेद करावा लागणे हे परिभाषा अपुरी असल्याचे लक्षण होय.

या अपुरेपणाच्या पार्श्वभूमीवरच लीबिग आणि पाश्चर यांचा सुप्रसिद्ध वाद झाला. आंबणे ही विघटन पावणाऱ्या द्रव्याची रासायनिक क्रिया आहे, असे लीबिगचे मत होते. जिवंत पेशीवाचून मद्यार्काचे किण्वन होत नाही, असे पाश्चर म्हणत असे. १८६० मध्ये बर्तलो याने यीस्टपासून उसाच्या साखरेचे विभाजन करणारे एक विद्राव्य द्रव्य वेगळे केले. आज ते इन्व्हर्टेज या नावाने ओळखले जाते. यीस्टचे द्रव्य यीस्टवाचून कार्य करू शकते, याचा हा पुरावा होता. परंतु त्याने वाद मिटला नाही, कारण मद्यार्क निर्माण करण्याची मुख्य क्रिया पेशीपासून अद्याप वेगळी झालेली नव्हती.

१८७७ मध्ये विल्हेल्म क्यूने याने 'एंझाइम' हा शब्द प्रचारात आणला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'खमिरात असलेले' असा होतो. शब्द लहान असला, तरी त्याची रचना अर्थपूर्ण आहे. खमीर वेगळे आणि त्यात असलेले द्रव्य वेगळे, हा भेद त्यातील उपसर्गानेच व्यक्त केला आहे. क्यूने हा स्वतः स्वादुपिंडाच्या प्रथिनभंजक द्रव्याचा, म्हणजे ट्रिप्सिनचा, अभ्यासक होता. जीव आणि त्याचा स्राव यांतील भेद त्यास नित्य जाणवत असला पाहिजे.

वादाचा निकाल १८९७ मध्ये लागला. एडुआर्ट बुखनर याने यीस्ट वाळू व किसेलगूर यांच्यासह घोटले, दाबयंत्राने त्याचा रस काढला आणि तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली. रसात एकही जिवंत पेशी नसताना त्यातून बुडबुडे निघू लागले. या शोधाबद्दल त्यास १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र हा रस फार काळ टिकत नसे. त्यातील आंबविण्याची शक्ती थोड्याच दिवसांत नाहीशी होई. मार्टिन हान याने त्याचे कारण शोधले. यीस्टच्या रसातच प्रथिने पचविणारे द्रव्य होते आणि ते उरलेल्या एंझाइमांना खाऊन टाकीत होते. त्यास 'एंडोट्रिप्टेज', म्हणजे आतील ट्रिप्सिनसदृश द्रव्य, असे नाव देण्यात आले. आंबविणारा जीव पचविणाराही असतो, ही गोष्ट अशा रीतीने एका प्रयोगातील अडचणीतून प्रकाशात आली.

४

हानचे द्रव्य पेशीच्या आत राहणारे होते. पेशी मोडल्यामुळे ते बाहेर आले, पेशीने ते स्वतःहून सोडलेले नव्हते. येथे दुसरा एक भेद उपस्थित होतो आणि त्यासाठी मराठीत उत्तम क्रियापदे उपलब्ध आहेत. फुटलेल्या मडक्यातून पाणी गळते, मातीच्या माठातून ते पाझरते आणि ग्रंथीतून रस स्रवतो. गळण्यात हेतू नसतो. स्रवण्यात मात्र यंत्रणा असते, वेळ असते आणि नियमन असते.

यीस्टच्या प्रथिनभंजक द्रव्यांचा विसाव्या शतकातील अभ्यास या भेदाच्या आधारेच समजून घेता येतो. १९६७ मध्ये मातिल व वीमकेन यांनी दाखविले की, यीस्टच्या पेशीतील रिक्तिका हे पचनाचे कोठार असून प्रथिनभंजक विकरे तेथे साठविलेली असतात. १९७७ मध्ये एलिझाबेथ जोन्स यांनी ही विकरे उणावलेले उत्परिवर्तित वाण वेगळे केले. योशिनोरी ओसुमी यांनी १९९२ मध्ये अशाच वाणांत आत्मभक्षणाची क्रिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. विकरे नसल्यामुळे रिक्तिकेत आलेला ऐवज पचला नाही आणि म्हणूनच तो दृष्टीस पडला. या कार्याबद्दल त्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही सारी कथा आतील पचनाची होय.

बाहेरील स्रावाचा मार्ग नोव्हिक आणि शेकमन यांनी १९७९-८० च्या सुमारास उलगडला. स्राव अडलेले यीस्टचे वाण शोधून त्यांनी स्रवणास आवश्यक अशा २३ जनुकांची नोंद केली. पेशी स्रवते की नाही, हे ओळखण्यासाठी त्यांनी ज्या द्रव्यांचा मागोवा घेतला, त्यांत बर्तलोचे इन्व्हर्टेजही होते. प्रथिन प्रथम पेशीतील जालिकेत शिरते, तेथून गॉल्जी यंत्रणेत जाते आणि शेवटी पुटिकांतून पेशीबाहेर पडते, हा क्रम निश्चित झाला. शेकमन यांना २०१३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पावाचे व मद्यार्काचे यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसीज सेरेव्हिसी, बाहेर प्रथिनभंजक विकरे फारशी सोडीत नाही. मात्र त्याच्या एका लिंगप्रकाराची पेशी 'बार-१' नावाचे विकर स्रवते आणि समोरच्या प्रकाराकडून येणारा पेप्टाइडरूपी संकेत त्याने तोडते. आहारासाठी विकरे स्रवणारी यीस्टे वेगळी आहेत. यारोविया लिपोलिटिका हे त्यांपैकी एक होय. परिसर उदासीन किंवा अल्कधर्मी असेल, तर ते एक विकर सोडते आणि परिसर आम्ल असेल, तर दुसरे. अल्कधर्मी विकराचे जनुक १९८७ मध्ये वेगळे करण्यात आले. हे विकर पेशीत लांब व निष्क्रिय स्वरूपात घडते. त्यास जोडलेला भाग टप्प्याटप्प्याने छाटला गेल्यावरच ते कार्यक्षम होते. घडविणाऱ्या पेशीचेच पचन होऊ नये, यासाठी केलेली ही तजवीज म्हणावी लागेल.

नियमनाचे तत्त्व दोन बाजूंनी सांगता येते. सहज मिळणारा नायट्रोजन, उदाहरणार्थ अमोनियाचे क्षार, परिसरात भरपूर असेल, तर विकराची निर्मिती थांबते. तो संपला आणि भोवती प्रथिन असले, तर निर्मिती सुरू होते. वासरू आचळाला लागल्यावाचून गाय पान्हा सोडत नाही, या खेड्यातील नित्याच्या अनुभवाशी या दुसऱ्या बाजूचे साम्य आहे. प्रथिनाचे मोठे रेणू पेशीत शिरू शकत नाहीत. म्हणून त्यांच्या विघटनातून निघालेली लहान पेप्टाइडे व अमिनो आम्ले पेशीपृष्ठावरील संवेदकास वर्दी देतात आणि जनुके अधिक जोमाने कार्य करू लागतात. प्रयोगशाळेत हे पाहण्याचा मार्ग सोपा आहे. दूध मिसळलेल्या आगरावर यीस्टची वसाहत वाढविली असता, केसिन पचल्यामुळे तिच्याभोवती पारदर्शक वलय दिसते.

महाराष्ट्रातही या विषयाचा पाठपुरावा झाला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. याच प्रयोगशाळेतील राव, देशपांडे प्रभृतींनी १९९८ मध्ये सूक्ष्मजीवांच्या प्रथिनभंजक विकरांचा एक विस्तृत समालोचनपर निबंध प्रसिद्ध केला. जगभरच्या संशोधकांनी तो वारंवार उद्धृत केला आहे.

५

आता कृष्णाकाठाकडे वळता येईल. डिस्टिलरीत मळी पाण्याने पातळ करून तीत यीस्ट सोडतात. मळीत साखर विपुल असते, पण यीस्टला सहज घेता येईल असा नायट्रोजन बहुधा पुरेसा नसतो. म्हणून युरिया किंवा डायअमोनियम फॉस्फेट घालण्याची पद्धत आहे. या पद्धतीमागील कारण वरील विवेचनावरून स्पष्ट होते. या यीस्टला प्रथिन बाहेर पचवून नायट्रोजन मिळविण्याची सोय नाही, तेव्हा तो आयता पुरवावा लागतो. 'यीस्ट म्हणजेच आंबविणारे द्रव्य' अशी समजूत असेल, तर द्रव्याला खाद्य कशासाठी, असा प्रश्न पडतो. यीस्ट हा जीव आहे आणि विकर हे त्याचे द्रव्य आहे, हा भेद कळला की उत्तर आपोआप मिळते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९८० नंतरच्या दशकात गोड ज्वारीच्या रसापासून मद्यार्क करण्याचे आणि सौरशक्तीने त्याचे ऊर्ध्वपातन करण्याचे प्रयोग केले, तेव्हा किण्वनाचे हेच ज्ञान उसाच्या पट्ट्याबाहेरच्या कोरडवाहू पिकाच्या सेवेस आले.

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि त्यास अनुसरून सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानाची योजना करण्यात आली. पांढऱ्या वाइनमध्ये द्राक्षातीलच काही प्रथिने कालांतराने साकळतात आणि ती गढूळ होते. ती काढण्यासाठी बेंटोनाइट माती वापरतात, पण मातीबरोबर काही स्वादही निघून जातो. मेट्श्निकोविया पुल्केरिमा या द्राक्षाच्या सालीवर आढळणाऱ्या वन्य यीस्टचे प्रथिनभंजक विकर या कामी उपयोगी पडेल काय, याचा शोध सुरू झाला. दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉश येथील संशोधकांनी २०१२ मध्ये अशा विकरासंबंधी निष्कर्ष प्रसिद्ध केले. अडचण अशी की, ही द्राक्षप्रथिने घट्ट दुमडलेली असतात आणि उष्णतेने थोडी उलगडल्यावाचून विकरास दाद देत नाहीत. तरीही 'जंगली यीस्ट वाईट, पाळीव यीस्ट चांगले' ही सरधोपट विभागणी या शोधामुळे शिथिल झाली.

तिसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. कँडिडा अल्बिकान्स हे यीस्ट माणसाच्या तोंडात व आतड्यात बहुधा निरुपद्रवी राहते. प्रतिकारशक्ती ढासळली की, तोंडात पांढरा थर धरतो व अन्न गिळणे कठीण होते. १९६५ मध्ये श्टाइब याने दाखविले की, यीस्टसदृश बुरशी रक्तातील प्रथिनांचा नायट्रोजनासाठी उपयोग करू शकते. पुढे कँडिडाच्या अशा स्रवणाऱ्या विकरांची दहा जनुके सापडली. त्यांपैकी काही आम्ल परिसरात, तर काही धाग्यासारखी वाढ होताना उदासीन परिसरात कार्य करतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीस सांगली हा एचआयव्हीचा प्रादुर्भाव अधिक असलेल्या जिल्ह्यांत गणला जात होता. १९९२ पासून तेथे 'संग्राम' ही संस्था या क्षेत्रात कार्य करू लागली. या विषाणूचेही स्वतःचे एक प्रथिनभंजक विकर असते आणि रासायनिक दृष्ट्या ते कँडिडाच्या विकरांच्याच कुळातील आहे. १९९५ पासून विषाणूच्या विकरास रोखणारी औषधे वापरात आली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, ही औषधे कँडिडाच्या विकरांनाही काही प्रमाणात रोखतात. भारतात २००४ पासून शासनातर्फे मोफत औषधोपचार सुरू झाला, पण त्यात या वर्गातील औषधे दुसऱ्या फळीसाठी राखून ठेवलेली होती. रुग्णास किंवा परिचारिकेस हे मराठीत समजावून सांगावयाचे, तर 'जंतू' आणि 'जंतूचे विकर' या दोन कल्पना वेगळ्या ठेवाव्याच लागतात. औषध जंतूस मारीत नाही, तर त्याचे हत्यार निकामी करते, हे वाक्य त्याशिवाय उच्चारताच येत नाही.

६

परिभाषेच्या दृष्टीने पाहता भारतीय भाषांनी निरनिराळे मार्ग पत्करले. हिंदीत 'प्रकिण्व' हा शब्द योजला गेला. त्यात क्यूनेच्या शब्दाप्रमाणे किण्वाशी नाते राखून उपसर्गाने भेद दाखविला आहे. बंगालीने 'उत्सेचक' स्वीकारला. मराठी विश्वकोशाने 'एंझाइम' व 'यीस्ट' हे शब्द नागरी लिपीत तसेच ठेवले, गरजेनुसार त्यांचे स्पष्टीकरण कंसात दिले आणि प्रक्रियेसाठी 'किण्वन' योजला. शालेय पाठ्यपुस्तकांनी 'विकर' हा शब्द रूढ केला. बदल घडवून आणणारे, असा त्याचा अर्थ होतो. 'विकर' या शब्दात खमिराचा निर्देश नाही. काहींना हे न्यून वाटेल. वस्तुतः तो गुणच आहे. विकरे यीस्टमध्ये असतात तशीच ती जठरात, पपईच्या चिकात आणि विषाणूतही असतात. तेव्हा त्यांच्या नावात खमिराची आठवण राहण्याचे कारण उरलेले नाही.

यावरून काही व्यवस्था सुचविता येते. जीवासाठी 'यीस्ट', प्रक्रियेसाठी 'किण्वन' आणि द्रव्यासाठी 'विकर' ही त्रयी काटेकोरपणे पाळावी. 'किण्व' आणि 'खमीर' हे शब्द परंपरागत मिश्रणासाठी राखून ठेवावेत. त्या मिश्रणात जीव, त्यांचे खाद्य आणि त्यांची विकरे ही तिन्ही असतात आणि कौटिल्याच्या उडीद-तांदळाच्या वाटणास तोच अर्थ शोभतो. पेशी मोडल्यामुळे विकर बाहेर आले असेल, तर 'गळणे' म्हणावे. पेशीने ते सोडले असेल, तर 'स्रवणे' म्हणावे. या क्रियापदांसाठी नवा शब्द घडविण्याची गरज नाही. ती रेठऱ्याच्या शेतकऱ्याच्या तोंडी आहेत आणि वाईच्या कोशकाराच्या लेखणीतही आहेत.

श्वानने दोन वर्षांत दोन वस्तू पाहिल्या. त्यांना दोन नावे मिळावयास मात्र चाळीस वर्षे लागली आणि त्या अवधीत मोठमोठे पंडित एकमेकांशी भांडले. मराठीतून विज्ञान शिकणाऱ्या कराडच्या वा तासगावच्या विद्यार्थ्यास ती चाळीस वर्षे पुन्हा चालावी लागू नयेत, एवढे कार्य शब्दांच्या योग्य योजनेने साधते.